पेजफाईल बंद करण्याआधी 'कमिटेड' बघा

या चर्चेत एकांनी सुचवलंय की १६ जीबी रॅम असेल तर पेजफाईल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाईल) सरळ बंद करून टाका, मशीन पळायला लागेल. कृपया असं करू नका.

विंडोज प्रोग्रामला मेमरी देण्याचा शब्द देते तो रॅम आणि पेजफाईल यांच्या बेरजेवर. पेजफाईल काढली की ती मर्यादा खाली येते, आणि क्रोमचे टॅब किंवा एखादा गेम रॅम शिल्लक दिसत असतानाच कोसळतो. माणूस मग उगाच रॅमची कांडी बदलत बसतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथे जाऊन 'कमिटेड'खालचे दोन आकडे बघा: पहिला म्हणजे शब्द दिलेली मेमरी, दुसरा म्हणजे ती मर्यादा. १४.८/१५.७ असं काही दिसलं तर गळा कुठे आवळलाय ते लगेच कळेल. शिवाय निळी स्क्रीन आली तर तिचा डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची नोंद, नेहमीच्या सेटिंगमध्ये सी ड्राइव्हवरच्या पेजफाईलमधूनच तयार होतो. ती नसेल तर कारण शोधायला हाती काही उरत नाही.

पेजफाईल रॅमच्या दीडपट ठेवायची हा नियम जुना झाला, तो सोडा. माझं मत, 'व्हर्च्युअल मेमरी'च्या सेटिंगमधली 'ऑटोमॅटिकली मॅनेज'वरची खूण (आकार विंडोजवर सोडणारी) तशीच ठेवा. फक्त सी ड्राइव्हवर जागा मोकळी हवी, कारण विंडोज ही फाईल गरजेप्रमाणे वाढवते, पण त्या ड्राइव्हच्या एक अष्टमांशापर्यंतच. आकडा स्वतः टाकायचाच असेल तर 'सेट' बटण दाबायला विसरू नका, नुसतं ओके करून बदल लागू होत नाही.

पेजफाईल सांभाळूनही मशीन रखडत असेल तर ती हार्ड डिस्कवर आहे का ते आधी तपासा. एसएसडी असेल तर तिथेच ठेवा.