पूर कुठे आलाय?

ए-१०४: सकाळी ‘पूर आलाय, गाड्या काढा’ असं कोणी टाकलं? तो मेसेज फिरत फिरत भांडीबाजारात माझ्या दिरांकडे पोचला. त्यांनी दुकानातला माल माळ्यावर चढवायला घेतला.

बी-३०२: वहिनी, मी टाकला. पार्किंगमध्ये घोटाभर पाणी होतं. काय लिहायचं मग?

ए-१०४: पाणी तुंबलं लिहायचं. पूर गोदावरीला येतो.

सी-२०१: बेसमेंटच्या पंपाचं काय ठरलं?

अण्णा (ए-१०१): ताईंचं बरोबर आहे. नाशकात पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर बघतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं की महापूर. २००८ आणि २०१६ ला काय झालं ते नदीकाठच्यांना विचारा.

सी-४०३: अण्णा, ग्रुपवर रोज गुड मॉर्निंगचा पूर येतो, तो कुठल्या मारुतीवर मोजायचा? 😄

अण्णा (ए-१०१): मी रोज एकच टाकतो.

ए-१०४: मेसेजचा पूर म्हणा, अश्रूंचा म्हणा, त्यानं कोणाची धावपळ होत नाही. पण ऐन पावसाळ्यात नुसतं ‘पूर आलाय’ लिहिलं की ज्यांची दुकानं घाटाजवळ आहेत त्यांच्या पोटात गोळा येतो. कुठे आणि किती, एवढं तरी लिहा.

सी-२०१: पंपाचं काय ठरलं?

बी-३०२: लोकांची एवढी काळजी, मग तुमची गाडी अर्धी माझ्या जागेत कशी असते?

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको. 🙏

अण्णा (ए-१०१): लिहायचंच तर गंगापूर धरणाचा विसर्ग लिहा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हजार क्युसेक सोडले तर आपल्याकडे येतो तसे दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर, दर सेकंदाला. शिवाय धरणाच्या खाली पडलेला पाऊसही घाटावरच्या रामकुंडाकडेच येतो, म्हणून धरणातून सोडलं नसलं तरी पाणी चढतं.

सी-४०३: अण्णा, टँकरचं बिल कोण भरणार? 😂

ए-१०४: दीर आता माल परत खाली उतरवतायत. त्यांचं वय साठीच्या पुढे आहे.

बी-३०२: सॉरी वहिनी. मेसेज डिलीट केला. गाडीचं मात्र बघा.

सी-२०१: पंपाचं काय ठरलं?

सेक्रेटरी: पंपाचं कोटेशन मागच्या मीटिंगला ठेवलं होतं, कोरम झाला नाही. कोण कोण आलं नव्हतं, लिहू का?

सी-२०१: लिहा.

सेक्रेटरी: सी-२०१.