'प्लीज प्लीज मी' : बीटल्सचा पहिला अल्बम तुम्ही कधी, कसा ऐकलात?

एकतारी
परवा लोकलमध्ये इअरफोनचा डावा कान बंद पडला आणि 'प्लीज प्लीज मी'मधली सारी वाद्ये भिंतीपलीकडे वाजावीत तशी दूर गेली. उरले केवळ गळे. १९६३ सालचा हा अल्बम दोनच ट्रॅकवर ध्वनिमुद्रित झाल्यामुळे त्याच्या स्टीरिओ आवृत्तीत वाद्ये डावीकडे आणि गायन उजवीकडे पडते, हे मला ठाऊक होते. तरीही 'मिझरी' या गाण्यात बीटल्सचे गायक लेनन आणि मॅकार्टनी एकमेकांना किती बिलगून गातात, हे चाळीस वर्षांत प्रथमच नीट ऐकू आले. बोटीवर नोकरीला असलेल्या मामांनी लंडनहून याची मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखाच आवाज देणारी, तबकडी आणली होती. सुई टेकताच मॅकार्टनीचे 'वन, टू, थ्री, फोर' ऐकू आले, की आजी स्वयंपाकघरातून "आला तुमचा कवायतमास्तर" असे म्हणत असे. आपापले अनुभव लिहावेत.

तबकडीवाला
मामांची तबकडीच खरी होती. त्या काळी ही विभागणी मोनो मिश्रण करताना गायन आणि वाद्ये यांचा तोल साधता यावा म्हणून केलेली असे. ती तशीच दोन कानांत ऐकणे म्हणजे आमटी आणि फोडणी वेगवेगळ्या वाटीत वाढून घेण्यासारखे आहे.

घसाबसा
कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी 'ट्विस्ट अँड शाउट' सर्वांत आधी गायलो आणि उरलेल्या तीन गाण्यांसाठी माझ्यापाशी आवाजच राहिला नाही. पुढे वाचनात आले, की अल्बममधल्या चौदापैकी दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी ॲबी रोडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली, लेननला त्या दिवशी सर्दी होती, तो घशाच्या गोळ्या चघळत होता, आणि म्हणूनच निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी हे गाणे रात्री अगदी शेवटी ठेवले. अल्बमवर आहे तो पहिलाच टेक. हे मला संमेलनाआधी कोणी सांगायला हवे होते.

खडीसाखर
सहा गाणी उसनी आहेत, याविषयी कोणी बोलत नाही. 'ॲना' मी लेननकडून ऐकले, नंतर आर्थर अलेक्झांडरचे मूळ गाणे ऐकले, आणि तेव्हापासून मूळच अधिक आवडते, कारण त्यातले दुःख संयत आहे. 'अ टेस्ट ऑफ हनी' मात्र नावाप्रमाणेच गुळमट आहे.

कुकरची शिट्टी
खडीसाखरताईंनी गोडाला नावे ठेवावीत, याचे आश्चर्य वाटते. तिसरी शिट्टी होईपर्यंत 'अ टेस्ट ऑफ हनी' पुन्हा ऐकले आणि मला ते आजही आवडले.

खंजिरी
मी वीस वर्षे ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो आहे. एका मोठ्या कार्यक्रमात ऐन वेळी माझ्या जागी दुसरा वादक बसवून माझ्या हाती खंजिरी देण्यात आली. त्या रात्री घरी येऊन मी मुद्दाम 'लव्ह मी डू' लावले, कारण अल्बमवरच्या त्या गाण्यात ड्रम अँडी व्हाइट यांनी वाजवलेले आहेत आणि बीटल्सचा ड्रमवादक रिंगो खंजिरी वाजवतो. त्यानंतर लगेच 'बॉइज' लावले. मुळात शिरेल्स या मुलींच्या गटाचे ते गाणे रिंगो ड्रम वाजवता वाजवता इतक्या बेफिकिरीने गातो, की माझा राग अर्ध्यावर आला.

एकतारी
खंजिरी, तो पूर्ण गेला का?

खंजिरी
नाही. बिदागीही अर्धीच मिळाली होती.

उजवा डावा
माझ्या इअरफोनचा उजवा कान दिवाळीपासून बंद आहे. 'आय सॉ हर स्टँडिंग देअर'मधला मॅकार्टनीचा बास मला सुरेख ऐकू येतो, परंतु गायन इतके दबलेले का ठेवले असावे, असा प्रश्न मला चार महिने पडला होता. एकतारी, आपण कोणत्या लोकलने जाता?