पीसीओएसमधली ‘गाठ’ नक्की कसली?

प्रश्न : भाचीच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी’ आलं. ताईने आईला फोनवर सांगितलं, “हिच्या अंडाशयात गाठी निघाल्यात.” आईने लगेच देव पाण्यात ठेवले, कारण तिच्या लेखी गाठ म्हणजे कॅन्सर. सिस्टला (पाणी भरलेल्या पिशवीला) गाठ म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं? आणि ट्यूमरला?

उत्तर : ‘गाठ’ हा भलताच सोशिक शब्द. दोरीची गाठ, लग्नगाठ, गाठीला चार पैसे. शरीरात हाताला लागेल तेही गाठच. चरबीची असो, गर्भाशयातला फायब्रॉइड असो, नाहीतर स्तनाचा कॅन्सर. चरबीच्या गाठीला ‘आवाळू’ असा छान शब्द होता, तो आता फारसा कानावर पडत नाही.

ट्यूमरला ‘अर्बुद’ आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातल्या 11व्या अध्यायात ग्रंथी आणि अर्बुद वेगवेगळे सांगितलेत. अर्बुद कसं, तर गोल, स्थिर, मोठं, खोल मुळाचं, सावकाश वाढणारं आणि न पिकणारं. ‘ग्रंथी’ आपण ग्लँडला देऊन बसलो (थायरॉइड ग्रंथी), त्यामुळे सिस्टच्या वाट्याला ‘पुटी’ आली. लॅटिनमध्ये ट्यूमर म्हणजे तरी काय, नुसती सूज.

आणखी एक उत्तर : पण पीसीओएसमध्ये, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोममध्ये, खरं तर सिस्टही नसते! चूक मूळ इंग्रजी नावातच आहे. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी 1935 साली हा विकार मांडला, तेव्हापासून ‘सिस्ट’ चिकटली. सोनोग्राफीत अंडाशयाच्या कडेने माळेतल्या मण्यांसारखे काळे ठिपके दिसतात, ती पुटकं, म्हणजे बीजाची घरं. एरवी त्यांतलं एक पुढे जातं, साधारण 20 मिमीचं होतं आणि फुटून बीज बाहेर पडतं. इथे ती 2 ते 9 मिमीवरच अडतात. बऱ्याच जणींच्या रक्तात इन्सुलिन जास्त असतं. ते एलएच या संप्रेरकाच्या जोडीने पुटकाभोवतीच्या थीका पेशींना अँड्रोजेन (पुरुषी संप्रेरकं) बनवायला भरीला घालतं. मग हनुवटीवर केस, तोंडावर पुरळ, आणि पुटक काही पिकत नाही. हे नावच दिशाभूल करतं, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञमंडळानेही 2012 मध्ये म्हटलं होतं.

ट्यूमरचं उलटं. पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणारा रास प्रथिनाचा खटका बिघडून चालूच राहतो, किंवा पीटेन या प्रथिनासारखा ब्रेक निकामी होतो. एकीकडे वाढ अडलेली, दुसरीकडे थांबायला तयार नाही, आणि आपण दोघांना गाठ म्हणतो!

तिसरं उत्तर : मान्य, पण अगदीच संबंध नाही असं सांगू नका. पुटकांचा कॅन्सर होत नाही, हे खरं. मात्र पाळी महिनोन्‌महिने आली नाही, तर गर्भाशयाच्या अस्तराला इस्ट्रोजेन मिळत राहतं आणि त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन मिळत नाही. त्यामुळे अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. इन्सुलिन पेशीला निरोप देतं ती पीआयथ्रीके नावाची वाट पीटेन आवरतं, आणि अस्तराच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा नेमकं तेच मोडलेलं सापडतं. म्हणून ‘गाठ’ सोडा, पण पाळीचं दुखणं अंगावर काढू नका.

विचारणारी : आभार! ‘बहुपुटी अंडाशय’ म्हणून पाहिलं, तर आई म्हणाली, “पुटकुळ्या? त्या तर तोंडावर आहेत.” शेवटी ज्वारीचं कणीस कामी आलं. म्हटलं, दाणा धरलाय, भरला नाही. तिला लगेच कळलं. देव मात्र अजून पाण्यातच आहेत. म्हणे, आधी पाळी येऊ दे.