मदत हवी आहे: 1905 मध्ये झार टिकला, 1917 मध्ये पडला. फरक नेमका कशाने पडला?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. शुक्रवारी रशियन राज्यक्रांतीची कारणं फळ्यावर लिहिली: झारची एकतंत्री सत्ता, शेतकऱ्यांचं दारिद्र्य, कामगारांचे हाल, युद्धातले पराभव. मागच्या बाकावरचा मुलगा उठला आणि म्हणाला, "मॅडम, ही चारही कारणं 1905 ला पण होती की. मग झार तेव्हाच का नाही गेला?"

मला उत्तर देता आलं नाही. सोमवारी सांगते म्हटलं, आणि तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात आहे.

मला माहीत आहे ते असं. 22 जानेवारी 1905 ला सेंट पीटर्सबर्गमध्ये फादर गॅपॉन यांच्या मागे कामगार बायकामुलांसह निघाले. हातात देवाच्या तसबिरी, झारचा फोटो आणि एक अर्ज. सैन्याने गोळ्या घातल्या. त्याच सुमारास रशिया जपानशी युद्ध हरत होता, मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचं आरमार बुडालं. ऑक्टोबरमध्ये देशभर संप झाला आणि झारने जाहीरनामा काढून ड्यूमा, म्हणजे निवडून आलेलं सभागृह, देऊ केलं. इतकं सगळं होऊनही सिंहासन शाबूत राहिलं, आणि बारा वर्षांनी ते आठवड्याभरात कोसळलं. असं का?

दुसरी विनंती परिणामांबद्दल. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं शेतकऱ्यांची आहेत. क्रांतीने रशियन शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं, हे त्यांना नीट सांगायचं आहे. "समाजवादी राज्य स्थापन झाले" या एका ओळीवर भागवायचं नाही. कृपया मदत करा.

प्रतिसाद: माळरान

ताई, मुलाचा प्रश्न अगदी बरोबर आहे. कारणांची यादी सांगते की लोक का चिडले. राज्य का पडलं, याचं उत्तर बंदुका कोणाच्या बाजूने होत्या यात शोधावं लागतं.

1905 मध्ये सैन्य एकंदरीत झारच्या बाजूने राहिलं. पोटेमकिन या युद्धनौकेवर बंड झालं, पण ते पसरलं नाही. सप्टेंबरमध्ये जपानशी तह झाला, त्यामुळे सरकारचे हात मोकळे झाले. जाहीरनाम्याने मध्यमवर्गातले बरेच उदारमतवादी समाधानी झाले आणि कामगार एकटे पडले. डिसेंबरमध्ये मॉस्कोत उठाव झाला, तेव्हा राजधानीतून सेम्योनोव्स्की रेजिमेंट पाठवून प्रेस्न्या हा कामगारांचा भाग तोफांनी भाजून काढला. पुढच्या वर्षी फ्रान्सकडून मोठं कर्ज मिळालं, आणि 1907 मध्ये मतदानाचे नियम बदलून ड्यूमा जमीनदारांच्या हाती दिली.

1917 मध्ये हेच फासे उलटे पडले. पहिलं महायुद्ध चालूच होतं, तह नव्हता. पेट्रोग्राडच्या (सेंट पीटर्सबर्गचंच 1914 नंतरचं नाव) छावण्यांत दीड लाखाहून जास्त सैनिक होते. त्यांत बहुतेक नव्याने भरती झालेले, आघाडीवर जायची वाट बघणारे, खेड्यातून आलेले. 11 मार्चला व्होलिन्स्की रेजिमेंटच्या तुकडीने जमावावर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. त्या रात्री बराकीत त्यांनी ठरवलं की पुन्हा झाडायच्या नाहीत. सकाळी त्यांच्या अधिकाऱ्याला गोळी लागली आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पलटणीही त्यांच्यात मिसळल्या. वर्गात ही एक रात्र सांगा. मला तरी सगळ्या क्रांतीत हीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

प्रतिसाद: जुना गार्ड

रेल्वेत आयुष्य गेलं, म्हणून तेवढंच सांगतो.

भुकेबद्दल एक गैरसमज असतो. 1917 च्या सुरुवातीला देशात धान्यच नव्हतं असं नाही. ते पेट्रोग्राडला पोचत नव्हतं. इंजिनं नादुरुस्त, डबे युद्धाच्या कामात अडकलेले, कडाक्याची थंडी. शेतकरीही धान्य दाबून ठेवत होता, कारण नोटांना किंमत राहिली नव्हती आणि खिळे, कापड बाजारात मिळत नव्हतं. 8 मार्चला, महिला दिनी, व्हिबोर्ग भागातल्या कापडगिरण्यांतल्या बाया भाकरीसाठी रस्त्यावर आल्या. रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या त्याच होत्या. तिथून पेटलं.

आणि शेवटही रुळांवरच झाला. झार आघाडीवरच्या मुख्यालयातून राजधानीकडे निघाला, तर मालाया विशेरा स्टेशनापाशी कळलं की पुढचा मार्ग बंडखोरांच्या ताब्यात आहे. गाडी वळवून प्स्कोव्हला नेली. त्याआधीच ड्यूमाच्या बुब्लिकोव्ह नावाच्या सदस्याने रेल्वेच्या तारायंत्रावरून देशातल्या स्टेशनांना सत्ता बदलल्याचं कळवलं होतं. 15 मार्चला सेनापतींच्या तारा आल्या, पद सोडा म्हणून, आणि झारने डब्यातच सही केली. 1905 मध्ये सेनापती त्याच्यासोबत होते.

प्रतिसाद: धागाकर्ती

माळरान, गार्डकाका, मनापासून आभार. बराकीतली रात्र आणि अडलेली गाडी, दोन्ही सांगणार.

मुलं आणखी एक विचारतील: मार्चमधल्या क्रांतीला फेब्रुवारी क्रांती का म्हणतात? जुनी दिनदर्शिका तेरा दिवस मागे होती आणि 1918 मध्ये 31 जानेवारीनंतर थेट 14 फेब्रुवारी आली, एवढं मला ठाऊक आहे. शेतकऱ्याबद्दल कोणी सांगेल का?

प्रतिसाद: काळी माती

ताई, ही गोष्ट 1861 पासून सुरू करा, नाहीतर शेतकऱ्याचा राग कळणार नाही. त्या वर्षी भूदासांना, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना, मुक्ती मिळाली, पण जमिनीचे पैसे भरायचे होते. सरकारने जमीनदाराला बरीचशी रक्कम रोख्यांत दिली आणि शेतकऱ्याकडून ती व्याजासह 49 वर्षांत वसूल करायची ठरवली. बापजादे कसत आले त्यातला चांगला तुकडाही अनेक ठिकाणी जमीनदाराने काढून घेतला. हप्त्यांची जबाबदारी सगळ्या गावावर. गावाने परवानगी दिल्याशिवाय बाहेर जायचा पासपोर्टही मिळायचा नाही. हे हप्ते माफ झाले ते 1907 पासून, म्हणजे 1905 च्या दणक्यानंतरच. आपल्या मुलांना सावकारी कर्ज वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

नोव्हेंबर 1917 मध्ये लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने झारनंतर आलेल्या हंगामी सरकारकडून सत्ता घेतली आणि दुसऱ्याच दिवशी जमिनीचा हुकूम काढला. गावांनी जमीनदारांच्या जमिनी वाटून घेतल्या, पुष्कळ ठिकाणी हुकमाची वाटही न बघता. म्हणजे जमीन खरोखर मिळाली, हे मुलांना स्पष्ट सांगा. त्याच महिन्यात संविधान सभेची निवडणूक झाली. शेतकऱ्यांची मतं मुख्यतः समाजवादी क्रांतिकारक पक्षाला गेली, बोल्शेविकांना साधारण चौथा हिस्सा. जानेवारी 1918 मध्ये ती सभा एकदा भरली आणि तिला टाळं लागलं.

प्रतिसाद: धागाकर्ती

मग 1921 चा दुष्काळ? जमीन हातात आली होती ना?

प्रतिसाद: काळी माती

जमीन आली, पीक गेलं. बोल्शेविक आणि त्यांचे विरोधक यांच्यातल्या यादवी युद्धात शहरं आणि बोल्शेविकांची लाल सेना पोसायला सरकारी तुकड्या गावोगाव जाऊन धान्य उचलू लागल्या, कधी बियाण्यासकट. शेतकरी पेरणी कमी करू लागला. तांबोव्ह प्रांतात शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. मार्च 1921 मध्ये पेट्रोग्राडजवळच्या क्रोनश्टाट बंदरातल्या खलाशांनीही हत्यार उचललं, आणि 1917 मध्ये बोल्शेविकांचा आधार असलेले खलाशी याच बंदरातले होते. दोन्ही उठाव चिरडले, पण त्याच महिन्यात धान्यवसुली बंद करून ठरावीक कर लावला. तोवर उशीर झाला होता. पावसाने दगा दिला आणि मुख्यतः व्होल्गाच्या खोऱ्यात, सुमारे 50 लाख माणसं दगावली.

पुढची काही वर्षं बरी गेली. शेतकरी पिकवत होता, विकत होता. शाळा पोचल्या, मुली शिकल्या, तेही सांगा. 1929 च्या सुमारास स्टालिनने सामूहिक शेती लादली आणि वाटून घेतलेली जमीन परत गेली. 1932 मध्ये शहरातल्यांना देशातच राहायला-फिरायला लागणारे अंतर्गत पासपोर्ट दिले, सामूहिक शेतावरच्या शेतकऱ्यांना सर्वसाधारणपणे दिले नाहीत. ते सगळ्यांना देण्याचा निर्णय झाला 1974 मध्ये.