ओरी उडी मारताना अडखळतो त्याबद्दल

तुम्ही म्हणताय की ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट हा गेम प्रोटॉनवर (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) सुरू होतो पण नवीन जागी गेलं की झटके बसतात, ते बहुतेक शेडरमुळे (चित्र कसं काढायचं ते ग्राफिक्स कार्डला सांगणारे छोटे प्रोग्राम). प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके डायरेक्ट३डीचं (विंडोजची ग्राफिक्स पद्धत) काम व्हल्कनमध्ये (लिनक्सवर चालणारी तशीच पद्धत) बदलतं आणि शेडर पहिल्यांदा लागला की तो तिथल्या तिथे कंपाइल होतो, म्हणजे कार्डाला समजेल अशा रूपात बदलला जातो, तेवढ्यात फ्रेम गेली आणि ओरी काट्यात! एएमडी कार्ड असेल तर मेसा (लिनक्सवरचा ग्राफिक्स ड्रायव्हर) २३.१ किंवा पुढचं टाका, मी फक्त तेवढंच केलं आणि खरंच लोण्यासारखा चालायला लागला. लॅपटॉपला दोन जीपीयू (ग्राफिक्स चिप) असतील तर मँगोहड (गेम चालू असताना स्क्रीनवर अशी माहिती दाखवणारं साधन) लावून कुठलं वापरतोय ते बघाच, आणि गेम एनटीएफएस (विंडोजच्या) पार्टिशनवर ठेवू नका, प्रोटॉनला ते नीट झेपत नाही. गेम फार सुंदर आहे हो, सोडू नका.