१९९९ सालची गॅस फर्नेस: चालू ठेवावी की बदलावी?

नवे_घर_जुनी_फर्नेस: शिकागोच्या उपनगरात आम्ही १,८०० चौरस फुटांचे जुने घर घेतले असून तळघरात १९९९ साली बसवलेली, ८० टक्के कार्यक्षमतेची, ताशी १,००,००० बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णता मोजण्याचे एकक) गॅस फर्नेस, म्हणजे गॅस जाळून घर तापवणारे यंत्र, आहे. घर व्यवस्थित तापते. परंतु हिवाळ्यापूर्वीच्या तपासणीला आलेल्या तंत्रज्ञाने हीट एक्स्चेंजरला तडा गेल्याचे सांगून तेवढ्याच बीटीयूची, ९६ टक्क्यांची नवी फर्नेस सुचवली. तडा त्याने दाखवला नाही. बदल आताच करावा, की आणखी दोन हिवाळे काढावेत?

तळघरवासी: निव्वळ वयाचा प्रश्न असता तर थांबा म्हणालो असतो, कारण ज्योत पेटवणारा इग्नायटर किंवा ज्योत ओळखणारा फ्लेम सेन्सर यांसारखे भाग तुलनेने स्वस्तात बदलता येतात. हीट एक्स्चेंजरचे तसे नाही. त्याच्या आत ज्वलनाचे वायू आणि बाहेर घरात खेळणारी हवा असते. मधला पत्रा फाटला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येण्याचा धोका निर्माण होतो. त्यामुळे दुसऱ्या, शक्यतो फर्नेस न विकणाऱ्या तंत्रज्ञाकडून कॅमेऱ्याने तपासणी करून घ्या, तड्याचे छायाचित्र मागा आणि तोवर फर्नेस बंद ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. नेहमीचा घरगुती अलार्म ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) इतक्या प्रमाणालाही एक ते चार तासांनी वाजतो. इलिनॉयच्या कायद्यानुसार तो प्रत्येक शयनखोलीपासून १५ फुटांच्या आत असावा लागतो, तेही पाहून घ्या.

हिशेबी: तडा सिद्ध झाला तर बदलाच, मात्र केवळ गॅस वाचेल म्हणून बदलणार असाल तर आधी आकडेमोड करा. ८० वरून ९६ टक्क्यांवर गेल्यास तेवढ्याच उष्णतेसाठी साधारण एक षष्ठांश गॅस कमी लागतो, म्हणजे घर तापवण्याचे वर्षाचे बिल ९०० डॉलर असेल तर बचत १५० डॉलरची. शिवाय 'तेवढ्याच बीटीयूची' हा सल्ला मला पटत नाही. जुनी फर्नेस घराला ८०,००० बीटीयू देते, नवी ९६,००० देईल. मुळात जुनीच मोठी असेल तर नवी सारखी चालू-बंद होत राहील. घराच्या उष्णताहानीचा 'मॅन्युअल जे' पद्धतीचा हिशेब लेखी मागा, आणि जो विक्रेता जुन्या यंत्रावरची पाटी वाचून आकार ठरवतो त्याला खुशाल नकार द्या.

नवे_घर_जुनी_फर्नेस: आभारी आहे. दुसरी तपासणी ठरवली आहे. आमचा गॅसचा वॉटर हीटरही फर्नेसच्याच चिमणीला जोडलेला आहे. त्याने काही फरक पडतो का?

तळघरवासी: पडतो, आणि नेमकी हीच बाब दरपत्रकातून अनेकदा सुटते. ९६ टक्क्यांच्या फर्नेसचा धूर प्लॅस्टिकच्या नळीने भिंतीतून बाहेर जातो, त्यामुळे चिमणीत एकटा वॉटर हीटर उरतो. त्याच्या थोड्याशा उष्णतेने रुंद चिमणी पुरेशी तापत नाही. मग धूर वर खेचणारी ओढ कमी पडते, बाष्प आतल्या बाजूस साचून चिमणीचे बांधकाम खराब होते आणि कधी धूर उलटा तळघरात येतो. म्हणून चिमणीत योग्य व्यासाचे धातूचे अस्तर घालण्याचा, किंवा पंख्याने धूर बाहेर टाकणारा वॉटर हीटर बसवण्याचा खर्च त्याच दरपत्रकात लिहून घ्या. नव्या फर्नेसमधून किंचित आम्लयुक्त पाणीही निघते. त्याची नळी थंड भागातून नेल्यास ते गोठून फर्नेस ऐन थंडीत बंद पडते, तेव्हा ती कुठून नेणार हेही आधीच विचारा.