विषय: मेटेओरा, आईचे गुडघे आणि मठांच्या पायऱ्या

नमस्कार मंडळी,
मे मध्ये ग्रीसला जायचं ठरतंय. आई पुण्याहून येतीये, वय 78, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर काठी घेऊन मस्त चालते पण जिना म्हटला की दहा-बारा पायऱ्यांनंतर टेकायलाच लागतं. टीव्हीवर मेटेओराचे ते खडकांवरचे मठ बघितल्यापासून धोशा लावलाय की ते बघायचेच. वणीला आता देवीपर्यंत ट्रॉली आहे तसं काही तिथे आहे का, निदान डोली तरी?

---

ताई, डोली-बिली विसरा. केबलला लटकणारा एक डबा दिसतो, पण तो मठातल्या लोकांसाठी आणि सामानासाठी, आपल्याला नाही. पूर्वी तर भिक्षूंना जाळ्यात बसवून दोरीने वर ओढायचे, खडकात पायऱ्या खोदल्या त्या 1920 च्या सुमारास.

पण एक मठ आईंना नक्की जमेल, सेंट स्टीफन, पाटीवर आगियोस स्टेफानोस. गाडी जवळपास दारापर्यंत जाते, एक छोटा पूल ओलांडला की आत. मधली ती मोठी चढण नाहीच. आत मात्र उंबरे, एखाददुसरी पायरी, फरसबंदी आहे, तेव्हा व्हीलचेअर सगळीकडे फिरेल असं नाही म्हणणार, काठी आणि एक हात पुरे. बाबांना आम्ही असंच नेलं. चर्चमधली चित्रं इतकी झगझगीत की ते म्हणाले "हे तर कालच रंगवलंय", आणि खरंच ती अलीकडचीच आहेत, पण मागच्या कठड्याशी गेले आणि खाली पायथ्याच्या कलंबाका गावाची लाल कौलं न् पलीकडे थेस्सलीचं मैदान दिसलं तेव्हा हलायलाच तयार नाहीत. 1961 पासून तिथे नन्स राहतात. सोमवारी बंद, दुपारीही मधे बंद असतो, वेळा बघून जा.

---

अहो पण एवढ्या लांब जाऊन एकच मठ? निदान ग्रेट मेटेओरॉन तरी करा, तोच सगळ्यात मोठा. हळूहळू बसत बसत होतं सगळं, आमची सासू जेजुरी चढली होती.

---

काका, जेजुरीचं कौतुक आहेच, पण ग्रेट मेटेओरॉनला तीनशेच्या आसपास पायऱ्या, आणि गंमत म्हणजे गाडी लावल्यावर आधी खाली उतरायचं न् मग समोरचा खडक चढायचा, म्हणजे परत येताना दमलेल्या गुडघ्यांनी शेवटी पुन्हा चढच. वर्लामला दोनशेच्या घरात. होली ट्रिनिटीलाही तेच उतरा-चढा. मी तर आईंना यातलं काहीच सांगणार नाही. बाकीचे मठ रस्त्यावरूनच बघा, रस्ता सगळ्यांच्या जवळून जातो आणि खरं सांगू का, खडकावर बसलेला मठ लांबूनच जास्त भारी दिसतो, आत गेल्यावर तो खडक दिसतच नाही. भाड्याची गाडी किंवा कलंबाकातून दिवसभराची टॅक्सी करा, हवं तिथे थांबता येतं.

---

खूप थँक्यू! कपड्यांचं काय? आणि अथेन्सहून ट्रेन?

---

बायकांना पँट चालत नाही, दारात गुंडाळायला कापड ठेवलेलं असतं. आईंना साडीच नेसू दे, पदर खांद्यावरून घेतला की झालं, तुम्ही मात्र लांब स्कर्ट न्या. ट्रेनच्या भरवशावर बसू नका, 2023 च्या डॅनियल वादळात त्या भागातले रूळ वाहून गेले होते, बुकिंगआधी चालू आहे का ते बघा. गाडीने चार-साडेचार तास लागतात, एका दिवसात जाऊन-येऊन अजिबात करू नका, कलंबाकात मुक्काम करा, हॉटेलला लिफ्ट आहे का ते आधी फोन करून विचारा.